एक तारीख, दोन नारळ

"ही पावती माझी, ही तारीख माझी, आणि त्या दिवशी हॉलसुद्धा माझाच आहे," असं मी त्या माणसाला ठणकावून सांगितलं. त्याच्या शर्टाच्या बाह्यांमधून टपटप पाणी गळत होतं, आणि तो... चक्क हसत होता!

आता तुम्हीच सांगा, राग नाही येणार?

आधीच माझं डोकं फिरलेलं. चिकपेटच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडले आणि एप्रिलच्या अवचित सरीनं गाठलं. छत्री महादेवपुऱ्याला, ऑफिसातल्या खुर्चीला लटकत राहिलेली. गल्लीत हमाल साड्यांच्या गठ्ठ्यांवर प्लास्टिक ओढत होते, ऑटोवाले एकमेकांच्या नावानं शंख करत होते. मी ओढणी डोक्यावर घेऊन मराठी मंडळाच्या जिन्यापर्यंत पळाले, तर माझ्या पुढे हा उंच, सावळा प्राणी दोन-दोन पायऱ्या चढत होता. मंडळाच्या ऑफिसच्या दारातून आम्ही एकदमच आत घुसलो. भाग्यलक्ष्मीअक्कांच्या टेबलावर दोन पावत्या एकदमच पडल्या. आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "वैशाखातला शेवटचा मुहूर्त."

भाग्यलक्ष्मीअक्का म्हणजे मंडळाच्या हॉलचं बुकिंग बघणाऱ्या बाई. त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या बंगळुरात गेल्या. त्यांनी चष्मा वर केला, एक पावती पाहिली, दुसरी पाहिली, आणि कपाळावर हात मारला.

"अय्यो देवा! दोघांनाही एकच दिवस? स्वल्प बसा दोघं. भांडू नका."

"मी कुठं भांडायलोय?" तो म्हणाला. "ह्याच बाई ओरडायल्यात."

"बाई? मी बाई?"

"बरं, मॅडम." परत हसला! "मी गुंडो. गुंडो देसाई, बेळगावचा. होसकोट्याला मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत असतो. तुम्ही?"

"शलाका. नागपूर. आणि तारीख सोडणार नाही."

नाव सांगताना सोबत धमकी देण्याची माझी ती पहिलीच वेळ. पण माझा नाइलाज होता. अंजली माझी शाळेपासूनची मैत्रीण, आता रूममेट. तिचं आणि बसवंतचं इथेच जमलं. बसवंत कलबुर्गीचा, घरी कन्नड बोलणारा. तिच्या बाबांनी होकार द्यायला दोन दिवाळ्या लावल्या, आणि दिला तोही कसा? "बघू, देवाच्या मनात असलं तर होईल." या गृहस्थांना मांजर आडवं गेलेलं पुरतं. हॉल हातचा गेला असं कळलं असतं, तर 'बघ, मी म्हणतच होतो' म्हणून लग्न मोडायला ते मोकळे! पुढे लगेच अधिक महिना, त्यात लग्नं नाहीत. शहरातले बाकीचे हॉल केव्हाच गेलेले. आणि हॉल मिळवायचं काम अंजलीनं सोपवलं होतं माझ्यावर. हे सगळं मी त्याला एका दमात ऐकवलं.

"तुमचं ऐकलं," गुंडो म्हणाला. या वेळी हसला नाही. "खरं, माझंही ऐका. माझी बहीण वीणा. तिचा होणारा नवरा जहाजावर असतो. तो या मुहूर्तापुरता येणार आणि अधिक महिना लागला की परत बोटीवर. मग वर्षभर तोंड दिसायचं नाही. मी कसा सोडू?"

'पण' म्हणायच्या जागी तो 'खरं' म्हणायचा. बेळगावकडे म्हणतात तसं. ते कानाला गोड लागलं, याचाही मला रागच आला.

"पण असं झालंच कसं?" मी अक्कांना विचारलं.

अक्कांनी उसासा टाकला. "नारळ होते तोवर असं कधी झालं नाही बघ."

"नारळ?"

मग कळलं. कॉम्प्युटर यायच्या आधी ऑफिसातल्या फळीवर दर मुहूर्ताचा एक नारळ असायचा, शेंडीला तारखेची चिठ्ठी बांधलेला. हॉल ज्यांनी घेतला त्यांनी तो नारळ घरी न्यायचा, देवापुढे ठेवायचा आणि लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात वाढवायचा. फळीवर नारळ नाही म्हणजे तारीख गेली. एक नारळ दोघांच्या घरी जाणार कसा? कधी भांडण नाही, तंटा नाही. मग गेल्या वर्षी मंडळ सुधारलं. नारळ गेले, डेटाबेस आला. आता अक्का ऑफिसातून बुकिंग करतात, सचिव योगीराजकाका घरून करतात, आणखी चारजण आपापल्या फोनवरून करतात.

पुढचं मला कुणी सांगायची गरजच नव्हती. अक्कांनी इथे ती तारीख उघडली, रिकामी दिसली. त्याच वेळी काकांनी घरी तीच तारीख उघडली, त्यांनाही रिकामी दिसली. एकानं गुंडोचं नाव घातलं, दुसऱ्यानं माझं. दोघांनीही सेव्ह केलं. ज्याचं बोट मागून पडलं त्याचं नाव राहिलं, आधीचं पुसलं गेलं, आणि कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही.

"अहो, कुलूपच नाही याला!" मी ओरडले. "मी पोटासाठी दिवसभर हेच करते! दोन माणसांनी एकाच नोंदीत एकदम हात घातला तर काय करायचं, हेच माझं काम. आणि माझ्याच मैत्रिणीच्या लग्नाला हे असं व्हावं? सरका अक्का, मी दुरुस्त करते."

"थांबा की," गुंडो म्हणाला. "तुम्हीच दुरुस्त करणार? आणि दुरुस्त करता करता आमचं नाव हळूच गायब झालं तर?"

"मग बसा शेजारी. लक्ष ठेवा!"

"बसतो की," तो म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला, की मीच गोंधळले.

कमिटीनं निर्णय दिला तो असा: महिनाअखेरच्या रविवारी चिठ्ठी टाकायची, त्याआधी दोघांपैकी एकानं आपणहून माघार घेतली तर उत्तम. एकाच मांडवात दोन्ही लग्नं लावू या, असंही मी सुचवून पाहिलं. गुंडोची आई फोनवर कडाडली, "परक्यांच्या मांडवात माझी लेक उभी राहणार नाही!" आणि अंजलीच्या बाबांना तर विचारायचीच सोय नव्हती. त्यांना अजून काही सांगितलंच नव्हतं.

असे आमचे रविवार सुरू झाले. मंडळाच्या ऑफिसात एका टेबलाशी दोन खुर्च्या, दोन लॅपटॉप. खिडकीखाली चिकपेटचा गलका. अक्का येता-जाता चिरोटी नाही तर कोडबळे पुढे ठेवायच्या. मी ठरवलं, अक्कांचा नारळच परत आणायचा. खरा नाही, सिस्टिममधला. जो तारीख उघडेल त्याच्याकडे नारळ. त्यानं सोडेपर्यंत बाकीच्यांनी नुसतं बघायचं.

"नारळ म्हणू नका हो," मी आधी कुरकुरले होते. "आमच्या ऑफिसात एखाद्याला नारळ दिला म्हणजे त्याची नोकरी गेली."

"इथं नारळ दिला म्हणजे लग्न ठरलं," गुंडो म्हणाला. "तुम्ही ऑफिस बदला."

पहिल्यांदा चालवून पाहिलं तो दिवस मला चांगला आठवतो. मी माझ्या लॅपटॉपवर एक तारीख उघडली.

"आता तुम्ही उघडा."

"उघडत नाही. 'नारळ शलाका यांच्याकडे आहे' म्हणायलंय."

"बरोबर! आता तुम्हाला नुसतं बघता येईल. हात लावता येणार नाही."

"बघता येतंय ना?" तो म्हणाला. "मग माझी काही तक्रार नाही."

मी वळून पाहिलं. तो स्क्रीनकडे बघत नव्हता.

मी पुढची कितीतरी मिनिटं नुसतीच कीबोर्ड बडवत राहिले. काय टाईप केलं, देवाला ठाऊक. नंतर सगळं पुसावं लागलं.

एकदा मात्र फजिती झाली. अक्कांनी एक तारीख उघडली आणि तशीच उघडी ठेवून त्या देवळात आरतीला गेल्या. काकांचा फोन: "शलाका, नारळ अक्कांकडे अडकलाय! गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसलंय!" मग मी नियम घातला, दहा मिनिटं काही हालचाल झाली नाही तर नारळ आपोआप परत फळीवर.

"हे बरं नाही," गुंडो म्हणाला. "एखाद्याला खरंच विचार करायला वेळ लागत असला तर?"

"मग मधूनमधून काहीतरी हालचाल करायची. म्हणजे सिस्टिमला कळतं की माणूस इथेच आहे, उठून गेलेला नाही."

"असं होय..." तो म्हणाला. खाली हॉटेलात मिळते तशी बाय-टू कॉफी आली होती, एकीच्या दोन केलेली. थोड्या वेळानं त्याचा हात हलला. आपल्या ग्लासातली थोडी कॉफी त्यानं माझ्या ग्लासात ओतली. आणखी थोड्या वेळानं कोडबळ्याची बशी माझ्याकडे सरकवली. माझी कानशिलं तापली, आणि मी पंखा वाढवायला उठले. पंखा आधीच पाचावर होता.

आमच्या वादातल्या तारखेसाठी मी वेगळी सोय केली. त्या एका तारखेखाली दोन नोंदी ठेवल्या, एक त्याची, एक माझी. दोन नोंदींचे दोन नारळ. माझी नोंद त्याला हलवता येणार नाही, त्याची मला. आणि एखादी तारीख रिकामी झाली तर त्या तारखेसाठी थांबलेल्यांच्या रांगेतलं पुढचं नाव आपोआप वर यावं, त्या माणसाला आणि सोडणाऱ्यांनाही फोनवर निरोप जावा, असंही करून ठेवलं. कुणाला फोन करायला नको, आठवण ठेवायला नको. माझ्या हुशारीवर मी फार खूश होते. देव असल्या वेळी वरून बघत असतो आणि हसत असतो.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. बहुतेक मेट्रोच्या जिन्यावर. पाऊस पडत होता, माझी छत्री नेहमीप्रमाणे नव्हती, आणि तो म्हणाला, "ये की इकडं, भिजशील." मी गेले. छत्री एकाच माणसाची. त्याचा डावा खांदा पूर्ण भिजला, माझा एकही नाही.

"गुंडो," मी म्हणाले, "चिठ्ठीत तुझं नाव आलं तर मी तुझ्याशी बोलणार नाही, हां."

"आणि तुझं आलं तर?"

"तर... तू माझ्याशी बोलशील?"

छत्रीवर पाऊस वाजत होता. "आई बोलायची नाही. वीणा रडेल," तो म्हणाला. "मी बोलेन."

त्या संध्याकाळी घरी आले तर अंजली जमिनीवर बसून रुखवताची यादी बाबांना फोनवर वाचून दाखवत होती. बाबा प्रत्येक वस्तूला "हं" म्हणत होते. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "शलाके, आज बाबांनी विचारलं, मांडवाला तोरण आंब्याचं की झेंडूचं. कळतंय तुला? तोरण विचारलं त्यांनी!" आणि तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. माझं मन दोन्हीकडे ओढत होतं, आणि हे सांगणार कुणाला?

चिठ्ठीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये लॅपटॉप घेऊन बसले. म्हटलं, एकदाचं बघूनच टाकू. डेटाबेस वरवर विसरतो, आतून विसरत नाही. कुणी काय कधी लिहिलं याचा माग खोल कुठेतरी असतो, काढणाऱ्याला काढता येतो. इतके दिवस मी तो काढला नव्हता. काहून काढला नव्हता? भीती वाटत होती म्हणून. दुसरं काय!

माग निघाला. आधी गुंडोचं नाव लिहिलं गेलं होतं. मागून आलं ते माझं. माझ्या नावानं त्याचं नाव पुसलं होतं.

मी अंजलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तारीख त्यांचीच."

"चिठ्ठीत आपली येऊ शकते अजून. मी सोडून कुणाला माहीत नाही."

"मला माहीत आहे ना आता. मी कुणाच्या पुसलेल्या नावावर उभी राहून माळ घालू का गं? सोड. बाबांना मी बघते." आणि तिनं फोन ठेवला, कारण पुढे तिला बोलवेना. मलाही ऐकवलं नसतं.

मी माझा नारळ घेतला, माझी नोंद उघडली आणि 'माघार' वर बोट ठेवलं. डोळे भरून आले होते. बोट दाबलं.

मिनिटभरात फोनवर निरोप आला. मला वाटलं, 'तारीख श्री. देसाई यांना निश्चित.' वाचते तर... 'ही तारीख श्री. नागनाथ यांच्या सहस्रचंद्रदर्शन सोहळ्यासाठी निश्चित झाली आहे. शुभेच्छा!'

कोण नागनाथ? कसला सोहळा? मी परत वाचलं. तेवढ्यात गुंडोचा फोन.

"शलाका! तू काय केलंस?"

"मी काय केलं? तारीख तुझी होती, तुला दिली!"

"मी तर तुला दिली!"

"...काय?"

"आत्ताच. माघार घेतली मी. कंपनीतूनच, फोनवरून."

"काहून?" मी किंचाळले. राग फार आला की माझी नागपुरी बाहेर येते. कॅन्टीनमधली माणसं वळून बघायला लागली. "काहून सोडली तू? कोणी सांगितलं होतं तुले?"

"तू का सोडलीस ते आधी सांग!"

मी बोलणार होते. तेवढ्यात मला कळलं काय झालं ते. दोन नोंदी, दोन नारळ. त्यानं आपला सोडला, मी आपला सोडला. आपापल्या नारळावर दोघांचाही हक्क होता, म्हणून सिस्टिमनं दोघांनाही अडवलं नाही. दोघांपैकी एकानं तरी राहायला हवं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. तारीख रिकामी दिसल्यावर तिनं शहाण्या मुलीसारखं रांगेतलं पुढचं नाव वर घेतलं. सगळं बरोबर झालं होतं. आणि दोन लग्नांचा हॉल गेला होता.

"गुंडो," मी म्हणाले, "मी गाढव आहे."

"ते नंतर बघू," तो म्हणाला. "हे नागनाथ कोण, ते अक्कांना विचार."

नागनाथअण्णा चिकपेटातले जुने कापडवाले. रविवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या दुकानात गेलो. दुकान जेमतेम उघडलेलं, गाद्यांवरच्या पांढऱ्या चादरी नुकत्याच झटकलेल्या. अण्णा लोडाला टेकून बसले होते, कपाळाला बुक्का, अंगात धोबीघडीचा सदरा. आम्ही पाया पडलो आणि सगळं सांगितलं. म्हणजे मी सांगितलं. गुंडो मधूनमधून 'होय की' म्हणत होता. हॉल परत द्या असं म्हणायला माझी जीभ रेटेना. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाकडे त्याचाच दिवस कसा मागायचा?

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे हिनं ह्याच्यासाठी सोडला, आणि ह्यानं हिच्यासाठी?"

आम्ही दोघंही चादरीकडे बघायला लागलो.

"सरी, सरी, बरंय," अण्णा हसले. मग एकदम गंभीर झाले. "मी तुम्हाला माझी अडचण सांगू? मुलानं हौसेनं नाव घातलं. हॉल एवढा मोठा. बायको गेली, सोबतीचे बहुतेक गेले, नातवंडं परदेशात. मी कालपासून एकच विचार करतोय, माणसं आणू कुठून? रिकाम्या हॉलात पाटावर बसायचं मला भ्या वाटतं पोरांनो. माझ्या घरचं कार्य म्हणून दोन्ही लग्नं तिथंच लावा. दोन जोडपी माझ्या पाया पडली तर मला आणखी काय पाहिजे?"

मी रडलेच. काय करणार? गुंडोनं आपला रुमाल दिला आणि दुसरीकडे बघितलं. त्याचेही डोळे काही कोरडे नव्हते.

गुंडोच्या आईला परक्यांचा मांडव चालत नव्हता. पण एवढ्या मोठ्या वयाच्या माणसाचं आग्रहाचं बोलावणं मोडवेना. अण्णा स्वतः फोनवर बोलले, कन्नडात अर्धं आणि मराठीत अर्धं, आणि आई शेवटी "तुमचा शब्द" म्हणाली. राहिले अंजलीचे बाबा. त्यांना मात्र आता सगळं सांगावंच लागलं. अंजलीनं फोन धरला होता, मी तिच्या शेजारी. हॉल कसा मिळाला, कसा गेला, कुणाचा झाला. बाबा म्हणाले, "हजार चंद्र पाहिलेल्या माणसाच्या मांडवात? ज्याला कुणी बोलावलं नाही, ज्याच्याकडे काही मागितलं नाही, तो आपणहून आशीर्वाद देतो? अंजू, हा तर कौलच दिला देवानं. तोरण आंब्याचंच लावा."

अंजलीनं फोन माझ्या हातात कोंबला आणि खोलीभर नाचली.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध पाटावर अण्णा, नवं धोतर, नवा फेटा. एकीकडे वीणा, एकीकडे अंजली. दोन अंतरपाट आणि एकच मंगलाष्टक. बसवंतकडच्या बायका कन्नडात गात होत्या, नागपूरच्या मावश्या त्यांना ठेका धरून दाद देत होत्या. अक्षता कुणी कुणावर टाकल्या याचा पत्ता नाही. दोन्ही जोडपी अण्णांच्या पाया पडली, तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की फोटोवाला फोटो काढायचं विसरला. अंजलीचे बाबा बसवंतच्या वडिलांना आग्रहानं जिलब्या वाढत होते. भाषा कळत नव्हती, पण जिलबी कळत होती.

मी हॉलच्या मागच्या गॅलरीत जरा वारा खायला गेले. गुंडो तिथे आधीच होता. फेटा काढून कठड्यावर ठेवलेला, केस विस्कटलेले. त्यानं जागा केली. मी शेजारी उभी राहिले.

"तू त्या दिवशी सांगितलंच नाहीस," मी म्हणाले. "तारीख काहून सोडली ते."

"वीणाला सांगितलं होतं मी, तुमच्या अंजलीच्या बाबांचं. ती म्हणाली, 'दादा, तू त्या पोरीला तारीख देऊन टाक. आम्ही बेळगावला देवळात दोन हार घालू. नाहीतर तू जन्मभर माझ्या लग्नाचे फोटो बघून उसासे टाकत बसशील.' आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही." तो बोटांनी फेट्याचा शेमला चाळवत राहिला. "तुझ्याकडून काही काढून घ्यायचं... आणि मग तुझ्या शेजारी बसायचं, ते मला जमलं नसतं, शलाका. मला तू फार आवडतेस."

"मी पण..." मी म्हणाले. "म्हणजे, मला पण. माग काढल्यावर गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण तुझ्याकडे बघता आलं नसतं. आणि मला तुझ्याकडे बघायचं होतं... रोज."

त्याचा हात कठड्यावर माझ्या हाताशेजारी होता. तो माझ्या हातावर आला. गरम होता.

"खरं, दोघांनी एकदम सोडली हे चुकलंच," तो म्हणाला.

"चूक माझी. एकाचा हात सुटायच्या आधी दुसऱ्याचं काय चाललंय ते बघायला हवं होतं. आता दुरुस्त केलंय मी ते सिस्टिममध्ये."

"सिस्टिमचं जाऊ दे. आपलं काय?"

"आपलं?"

"इथून पुढं माझ्यासाठी काही सोडायचं झालं तर आधी मला विचारायचं. मी पण तुला विचारणार."

"कुठपर्यंत?"

"म्हातारं होईपर्यंत. अण्णांएवढं." तो हसला, तसंच, पहिल्या दिवशी राग आणला होता तसं. "आईला सांगू? आत्ता, का जेवणं झाल्यावर?"

"जेवणं झाल्यावर," मी म्हणाले. मग त्याचा हात धरूनच वळले. "नाही, आत्ताच चल."

त्याची आई पंगतीत बेळगावच्या पाहुण्यांना मठ्ठा वाढत होती. आम्ही समोर जाऊन उभे राहिलो. तिनं आधी आमच्या हातांकडे पाहिलं, मग मला आपादमस्तक न्याहाळलं.

"हीच होय ती? जिच्यासाठी बहिणीचा हॉल सोडलास?"

"होय, आई."

"आणि हिनं काय केलं?"

"हिनंही सोडला. माझ्यासाठी."

तिनं मठ्ठ्याचं भांडं खाली ठेवलं. तोंडावर रागाची रेघ होती, पण ती टिकेना.

"दोघंही सारखीच खुळी," ती म्हणाली. "मग जमतंय की."